दिल्ली, मुंबई आणि आमची गल्ली

माझ्या घरमालकांचा सोडावॉटरचा कारखाना होता, आणि त्यांच्या दुकानात कुणी ढेकर दिलेला त्यांना चालत नसे.

गिऱ्हाईक बाटलीतली गोटी आत ढकलून घटाघटा सोडा पीत असे. मग डोळे मिटून, समाधानाने तोंड उघडण्याच्या बेतात असतानाच काउंटरमागून एक लांब बोट वर येई. "हळू. थोडा थोडा सोडा भाऊ. दिल्लीनं अजून काई ठरवलं नाई." नवखा माणूस तोंड तसंच अर्धवट उघडं ठेवून इकडेतिकडे बघे. मी तिथे असलो तर मानेनंच खुणावत असे, की प्या, काही होत नाही, ते असेच आहेत.

चंद्रपुरात मला पहिली नोकरी लागली ती नव्वदच्या दशकाच्या शेवटी. शहराच्या हवेवर लक्ष ठेवणारं एक छोटं सरकारी ऑफिस होतं, त्यात कारकून. मी नाशिककडचा. जटपुरा गेटच्या आत, कारखान्याच्या माडीवर मला खोली मिळाली. मालकांना सगळं गाव चाचा म्हणायचं, मीही म्हणू लागलो. ते मला बाबू म्हणत. ऑफिसात काम करणारा प्रत्येक माणूस त्यांच्या लेखी बाबूच होता, मग तो शिपाई असो की कलेक्टर.

चाचा उंच, वाळकुडे. दाढीला मेंदी लावत, तिचा रंग त्यांच्या संत्रा सोड्याशी इतका जुळायचा की लोक त्यावरून थट्टा करत. डोक्यावर ओला टॉवेल, कमरेला चौकड्याची लुंगी. एका फुटलेल्या बाटलीनं कधीकाळी त्यांची अर्धी भुवई नेली होती. त्यामुळे चेहऱ्याची एक बाजू शांत आणि दुसरी कायम आश्चर्यात असल्यासारखी दिसे. हातानं फिरवायचं यंत्र होतं, त्याच्या पिंजऱ्यात बाटली अडकवून ते दांडा फिरवत आणि फिरवता फिरवता जगाच्या कारभारावर बोलत.

हा कारभार त्यांना उशिरा कळे. ताजा पेपर ते वाचतच नसत. "ताजी बातमी गरम भज्यासारखी राह्यते. जीभ पोयते," ते म्हणत. ज्या कागदात भजी, समोसे, खारे दाणे बांधून येत, तेवढाच कागद ते वाचत, तोही तेलाच्या डागासकट, शेवटच्या ओळीपर्यंत. त्यामुळे पडलेल्या मंत्र्याचं अभिनंदन करणं आणि हरलेल्या मॅचसाठी दुवा मागणं हे त्यांच्याकडे नेहमीचं होतं. मी दुरुस्ती केली तर म्हणत, "तुह्या पेपरात हरले असन. माह्यात अजून खेळून राह्यले."

असाच एकदा समोशाबरोबर जपानातल्या हवामान परिषदेचा अर्धा कागद आला. परिषद होऊन कितीतरी महिने उलटले होते. चाचा तो घेऊन माडीवर आले.

"बाबू, हे कार्बन डाय ऑक्साइड का भानगड आहे? सारी दुनिया याच्याच मागं लागून राह्यली."

माझ्या ऑफिसचा विषय निघाल्यामुळे मला उत्साह आला. कोळसा, पेट्रोल जाळलं की हा वायू निघतो, तो पृथ्वीवर गोधडीसारखा बसतो, उष्णता बाहेर जाऊ देत नाही, वगैरे मी सांगितलं. आणि गोष्ट सोपी व्हावी म्हणून शेवटी म्हणालो, "नवीन काही नाही चाचा. तुमच्या सोड्यात असतो तोच गॅस."

चाचा जिन्याच्या पायरीवर बसले. अर्धी भुवई होती तिथून वर गेली.

"म्हंजे मी इतके साल लोकाईले हेच पाजून राह्यलो?"

मी घाईघाईनं त्यांची समजूत काढली. म्हटलं, तुमचा गॅस म्हणजे काहीच नाही. बल्लारपूरकडून कोळशाची एक मालगाडी जाते ना, तिच्यापुढे तुमचा जन्मभराचा सोडा म्हणजे इरई नदीत टाकलेलं चमचाभर पाणी. काळजीच करू नका.

याने त्यांना बरं वाटेल असा माझा समज होता. ते मात्र जास्तच दुखावले.

"म्हंजे आपली गिनतीच नाई," ते म्हणाले आणि टॉवेलाने तोंड पुसत खाली गेले.

खालून चाचींचा आवाज आला. चाची आलापल्लीच्या, ठेंगण्या, गोऱ्या, दम्याच्या. बोलणं कमी आणि कोरडं. "का झालं?"

"दुनिया गरम होऊन राह्यली."

"जेवन थंडं होऊन राह्यलं. पैले ते पाहा."

दुसऱ्या दिवशी चाचा आमच्या ऑफिसात हजर. आमचे साहेब मोठे सज्जन गृहस्थ होते. निवृत्ती जवळ आली होती आणि नवीन काही निघालं की ते टेबलावरच्या जुन्या फाइली सारख्या करू लागत. त्यांनी चाचांना खुर्ची दिली.

"साहेब, मी गॅस सोडतो," चाचा म्हणाले. "किती कमी करू ते सांगा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं.

"चाचा, धूळ असेल, राख असेल, सांडपाणी असेल तर बोला. या गॅसचा आमच्याकडे नियमच नाही."

"राख नाई. शुद्ध गॅस आहे."

"तो विषय केंद्राचा. दिल्ली ठरवते."

"मंग दिल्ली का म्हन्ते?"

साहेबांना हे ठाऊक होतं, त्यामुळे ते जरा सावरून बसले. "दिल्ली म्हणते, आजवर सगळा धूर श्रीमंत देशांनी केला. आधी त्यांनी कमी करावा. आपल्याकडे माणशी बघितलं तर अगदी थोडा. आपल्यावर बंधन नाही."

"अन् मुंबई?"

"मुंबई म्हणते, दिल्ली सांगेल तसं करू. तोवर वीज वाढवा."

एवढ्यात वरचा पंखा मंद होत होत थांबला. भारनियमनाची वेळ झाली होती. साहेबांनी समोरची फाइल उचलून वारा घ्यायला सुरुवात केली. चाचांनी पंख्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे.

"वाढवली वाटते," ते म्हणाले.

सरकारकडून काही होत नाही म्हटल्यावर त्यांनी स्वतःच कपात सुरू केली. ढेकरांवरची बंदी तेव्हाची. मग बाटलीत गॅस कमी भरणं सुरू झालं. गोटी वर चढायची पण मनापासून नाही, अर्ध्या वाटेवरून परत खाली यायची. गिऱ्हाइकं म्हणू लागली, "काऊन चाचा, पानी पाजून राह्यले का?" चाचा समजावत, की या घोटात तुमची नातवंडं थंड राहतील. लोक समोरच्या रसवंतीत जाऊ लागले, तेव्हा चाचींनी एका शब्दात तो प्रयोग बंद केला.

मग ते सासुरवाडीला गेले आणि येताना सागाचं रोप घेऊन आले. झाड हा गॅस खाऊन टाकतं असं मी सांगितलं होतं. एसटीत त्यांनी रोपाला खिडकीची जागा दिली आणि स्वतः उभे राहून आले. कंडक्टरनं तिकीट मागितलं तर म्हणाले, "हाफ दे. लहान आहे." गच्चीवर तेलाच्या पिंपात त्यांनी ते लावलं. सकाळ-संध्याकाळ त्याच्यासमोर बसत आणि गॅस खाताना दिसतो का ते पाहत. एका दुपारी वानर आलं, शेंडा खुडून कठड्यावर बसून खाल्ला आणि निघून गेलं. चाचा माझ्या दारात येऊन उभे राहिले.

"बाबू, सारी कपात वानरानं खाल्ली."

त्या उन्हाळ्यात आमच्या ऑफिसच्या नशिबी एक कार्यशाळा आली. विषय होता कोळसा, वीज आणि हवामान. दिल्लीहून एक बाई येणार होत्या, मुंबईहून एक वरिष्ठ साहेब. मंगल कार्यालय ठरलं. सोड्याची ऑर्डर अर्थातच चाचांना. ते स्वतःच्या लग्नातली शेरवानी घालून आले. ती त्यांना अजून बरोबर होत होती, फक्त बटणं कुणीतरी मोठी लावल्यासारखी वाटत होती.

दिल्लीच्या बाई सुती साडीतल्या, हसऱ्या, हुशार. त्यांनी हिंदीतून फार छान मांडलं. पृथ्वी सगळ्यांची, म्हणून जबाबदारीही सगळ्यांची. पण ज्यांनी जास्त बिघडवलं त्यांची जास्त. "साझी, मगर अलग-अलग," त्या म्हणाल्या. मागच्या रांगेत चाचांनी हे शब्द ओठातल्या ओठात घोळवून पाहिले. त्यांना ते इतके आवडले, की नंतर कितीतरी महिने घरात तेच चाले. नळाला पाणी आलं की माझ्या दारावर थाप पडे, "बाबू, साझी मगर अलग-अलग. तू बादल्या भर, मी मोजतो."

मग मुंबईचे साहेब उठले. राज्याला वीज हवी, कोळसा इथे आहे, तेव्हा वीजकेंद्र इथेच असणार. या वायूचं धोरण आमच्या हातात नाही, केंद्राने सांगावं. बाई म्हणाल्या, धोरण केंद्राचं, पण अंमलबजावणी राज्याची. साहेब म्हणाले, अंमल कशाचा करायचा ते आधी सांगा. दोघं अतिशय अदबीनं माईक एकमेकांकडे सरकवत होते. लग्नाच्या पंगतीत शेवटचा जिलबीचा तुकडा जसा ताटाताटांतून फिरतो, तसा तो माईक फिरत होता.

चाचा उभे राहिले.

"मॅडम, मी सोडा बनवतो. मी बी गॅस सोडतो. पैले कोन थांबन, तेवढं सांगा. मंग मी माह्या नंबरावर थांबतो."

लोक हसले. बाईही हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. त्यांनी चाचांना नीट उत्तर दिलं. "चाचा, आपका हिस्सा बहुत छोटा है."

"छोटा है," चाचा म्हणाले, "पर है ना?"

बाईंनी माईक पुन्हा जवळ ओढला. त्या काय म्हणणार होत्या ते आम्हाला कधीच कळलं नाही, कारण त्याच क्षणी मागच्या अंगणात फट् असा आवाज झाला.

बर्फाच्या कारखान्यात वीज नव्हती, म्हणून बर्फ आला नव्हता. सोड्याचे खोके सकाळपासून सावलीत ठेवले होते, आणि चंद्रपूरची सावली दुपारी बारानंतर कुठे जाते ते कुणालाच सांगता येत नाही. पहिली बाटली गेली, तिच्या धक्क्यानं दुसरी, मग पुढे मोजण्याची सोय राहिली नाही. दरवाजावरचा पोलीस शिट्टी वाजवत बाहेर पळाला आणि तशीच वाजवत आत आला. आमचे साहेब पडद्याआड दिसेनासे झाले. दिल्लीच्या बाई आणि मुंबईचे साहेब एकाच वेळी एकाच टेबलाखाली गेले. केंद्र आणि राज्य त्या विषयावर एका जागी आलेली मी तेवढ्या वेळीच पाहिली. चाचा शेरवानी सावरत, ओली पोती घेऊन अंगणाकडे धावत होते आणि धावता धावता सगळ्यांना धीर देत होते, "काई नाई, काई नाई, जिरा सोडा आहे."

कुणाला काही लागलं नाही. बाई टेबलाखालून बाहेर आल्या त्या हसून हसून डोळे पुसतच. जाताना त्यांनी उरलेल्यातली एक बाटली मागून घेतली. पण चाचांचं मन उतरलं होतं. घरी आल्यावर ते शेरवानीसकट कारखान्याच्या उंबऱ्यावर बसून राहिले.

दिवस कलत होता. आमच्या गल्लीत ही वेळ शेगड्यांची. खाणीतला कोळसा स्वस्त आणि मुबलक, सिलिंडरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचं, तेव्हा घरोघरी कोळशाची शेगडी. पेटवून ती दाराबाहेर ठेवायची, धूर निघून निखारा लाल झाला की आत न्यायची. सगळ्यांच्या शेगड्या एकदम बाहेर आल्या की समोरचं घर दिसत नसे. हिवाळ्यात तर धूर वर जातच नसे, गल्लीतच अंथरूण टाकून झोपे. चाचींचा दमा त्या दिवसांत असा वाढे, की त्यांना बोलताना दोन शब्दांमध्ये थांबावं लागे.

चाचींनी शेगडी चाचांच्या शेजारी आणून ठेवली.

"दिल्ली-मुंबई राहू द्या," त्या म्हणाल्या. "हा धूर पाहा. हा कोनत्या सरकारचा?"

चाचांनी शेगडीकडे पाहिलं. मला वाटतं, इतक्या दिवसांच्या हिशेबात ती त्यांना दिसलीच नव्हती, कारण शेगडी हे चाचींचं खातं. धूर त्यांच्या तोंडावर आला, ते खोकले. चाची खोकल्या.

"हा तं आपलाच," चाचा अखेर म्हणाले.

थंडी लागता लागता त्यांनी गल्लीची सभा बोलावली. कारखान्यात पोती अंथरली. बेत साधा होता. एक संध्याकाळ कुणीच शेगडी पेटवायची नाही. गल्लीच्या तोंडाशी एकच भट्टी, एकच देग, सगळ्यांचं जेवण एकत्र. बघू तरी, धूर किती कमी होतो ते.

सभा सुरू झाली आणि मला वाटलं, मी जपानातच बसलोय. घरात एकच शेगडी असलेल्या शिंपीणबाई म्हणाल्या, आमचा धूर तो किती, आधी पुरी-भाजीच्या हॉटेलवाल्यानं बंद करावं. त्याच्याकडे तर शेगड्यांची रांग. हॉटेलवाला म्हणाला, "माह्या धंद्याची आत्ता कुठी वाढ होऊन राह्यली. तुमचं सारं जमलं, तवा तुमी शिकवता." एक मास्तर म्हणाले, आधी अभ्यास व्हावा. पलीकडच्या गल्लीचं काय, तीही आपलीच हवा खराब करते, असाही मुद्दा निघाला. चाचा प्रत्येकाकडे वळून "साझी मगर अलग-अलग" म्हणत होते आणि कुणी ऐकत नव्हतं.

चाची आतल्या दारात उभ्या होत्या. त्या पुढे आल्या आणि दम घेत घेत बोलल्या.

"ज्याच्या घरी जास्त शेगड्या, त्यानं तांदूळ जास्त आनाचा. ज्याच्या घरी एक, त्यानं मूठभर. अन् ज्याची शेगडी त्या दिवशी जळन, त्याले जेवन नाई."

कोणत्याही परिषदेत इतक्या लवकर करार झाला नसेल. हॉटेलवाल्यानं सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. खिचडी होणार, वास त्याच्या दारापर्यंत जाणार, आणि तो एकटा आपली पुरी-भाजी खात बसणार, हे त्याला दिसलं असावं. "डाळ माह्याकडून," तो म्हणाला. "पन करची मीच चालवीन."

ती संध्याकाळ मी विसरणं शक्य नाही. देग कुठूनतरी इतकी मोठी आली होती, की ती गल्लीत आणण्यासाठी दोन ओटे रिकामे करावे लागले. तांदूळ धुवायला बायकांची रांग, कांदा चिरायला पुरुषांची, आणि रडायला सगळेच. हॉटेलवाला खुर्चीवर उभा राहून करची, म्हणजे लांब दांड्याचा डाव, फिरवत होता आणि खाली उतरायला तयार नव्हता. मिठाच्या बाबतीत जबाबदारी साझी झाली, अलग-अलग राहिली नाही, त्यामुळे ते तिघांनी टाकलं. खिचडी खारट झाली, पण लोकांनी दुसऱ्यांदा घेतली, तिसऱ्यांदा घेतली, आणि खारटपणावर उतारा म्हणून चाचांचा सोडा खोकेच्या खोके संपला. मास्तर अभ्यास विसरून पंगतीत वाढत होते. शिंपीणबाई नि हॉटेलवाला एका ताटात जेवता जेवता हसत होते. चाचा शेरवानीत, हातात बाटल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत उगीचच धावत होते. आणि चाची ओट्यावर बसून, दोन शब्दांमध्ये एकदाही न थांबता, शेजारणीला आलापल्लीच्या जंगलातली लांबलचक हकीकत सांगत होत्या. शेजारीण ऐकता ऐकता एकदम थांबली आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग आम्ही सगळेच बघत राहिलो.

"का झालं?" चाची म्हणाल्या.

"काई नाई," चाचा म्हणाले. "बोल ना तू. बोल."

जेवणं आटोपल्यावर चाची वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर गेल्या आणि त्यांनी वरून हाक मारली. आम्ही गेलो. मागोमाग निम्मी गल्ली आली. हवा स्वच्छ होती, चांदणं पडलं होतं. घरांच्या कौलांच्या रेघा दिसत होत्या, शहराच्या जुन्या परकोटाची भिंत दिसत होती. आणि तिच्याही पलीकडे, जिथे संध्याकाळी आम्ही आजवर फक्त करडं आभाळ पाहिलं होतं, तिथे वीजकेंद्राच्या चिमण्या उभ्या होत्या. उंच, टोकाला लाल दिवे, आणि त्यांतून सरळ वर चढत गेलेला, कुठेच न संपणारा धूर.

कुणीतरी हळूच म्हणालं, "बाप्पा."

चाचा कठड्याशी जाऊन उभे राहिले. "इतकी मोठी शेगडी," ते म्हणाले, "अन् आपल्या धुरामागं लपून होती."

चाचींनी कपड्यांची घडी घातली, ती खांद्यावर टाकली आणि त्या चिमण्यांकडे जरा निरखून पाहिलं.

"त्याईलेबी एक दिवस जेवाले बोलवा," त्या म्हणाल्या. "शेगडी इझवून या म्हना."

सगळी गच्ची हसली. चाचांनी मात्र ते खरंच मनावर घेतलं होतं. ते मला सकाळी कळलं. ऑफिस उघडायला गेलो तर ते पायरीवर बसले होते, डोक्याला धुतलेली टोपी, दाढीला ताजी मेंदी.

"बाबू," ते उठत म्हणाले, "आमंत्रन कोनाले द्याचं? दिल्लीले का मुंबईले?"